पळता पळता थांबलं की संवेग जातो कुठे?

परवा रात्री जेवणं झाल्यावर भाची माझ्यासमोर विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली, नववीत आहे, संध्याकाळी खो-खोच्या प्रॅक्टिसला जाते आणि रात्री डोळ्यावर झोप घेऊन अभ्यास करते. धडा गतीच्या नियमांचा होता. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, बाहेरून बल लागलं नाही तर एकूण संवेग तेवढाच राहतो, हे सगळं तिला तोंडपाठ होतं, बंदुकीचं आणि गोळीचं उदाहरणही धडाधड म्हणून दाखवलं. आणि मग पुस्तक मिटून म्हणाली, "आत्या, पण मी जोरात पळत येते आणि थांबते तेव्हा माझा संवेग शून्य होतो ना? मग तो गेला कुठे? अक्षय्य आहे म्हणतात ना?"

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी स्वतः शाळेत सहा वर्षं खो-खो खेळले, पुढे फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं, आणि या दोन गोष्टी एकमेकींच्या किती जवळ आहेत हे मला कॉलेज संपून बरीच वर्षं झाल्यावर कळलं, तेही कोणी सांगितलं म्हणून नाही, मॅच बघता बघता. हिला नववीत हा प्रश्न पडला. म्हटलं यावर नीट बसून लिहायचंच.

उत्तर एका वाक्याचं आहे, तो संवेग जमिनीत जातो. पायाने जमिनीला पुढे ढकललं, जमिनीने पायाला मागे ढकललं, भाचीचा संवेग कमी झाला आणि पृथ्वीचा तेवढाच वाढला. पण हे असं सांगितलं की पोरं मान हलवतात आणि त्यांना काहीच पटलेलं नसतं, कारण पृथ्वी हललेली कोणाला दिसते? पृथ्वीचं वस्तुमान ६ वर चोवीस शून्यं इतके किलो, त्यात माझ्या भाचीचे ४५ किलो, तिच्या थांबण्याने पृथ्वीला जो वेग मिळणार तो मोजायला जगात यंत्र नाही.

म्हणून आम्ही काय केलं, हॉलमधला सोफा सरकवला. आमच्याकडे जुनी मोझॅकची फरशी आहे, वर्षानुवर्षं पुसून पुसून गुळगुळीत झालेली. कपाटातली जुनी सतरंजी काढली, चार घड्या घालून फरशीच्या मधोमध टाकली आणि तिला म्हटलं दारापासून अनवाणी पळत ये आणि सतरंजीवर येऊन गपकन थांब. ती आली, थांबली, आणि सतरंजी तिच्यासकट पुढे सरकली, चांगली हातभर. मी उदबत्तीच्या राखेने आधी फरशीवर सतरंजीच्या कडेला रेघ मारून ठेवली होती त्यामुळे सरकलेलं अंतर स्पष्ट दिसत होतं. मग उलटं केलं. सतरंजीवर उभी राहा आणि तिथून एकदम पळायला सुरुवात कर. यावेळी सतरंजी मागे गेली, तिच्या टाचेखालून चुरगळून मागे फेकली गेली आणि ती स्वतः जेमतेम पाऊलभर पुढे गेली, पडतापडता मी धरलं. (वहिनी आतून ओरडली, तो भाग सोडून देते.)

पोरगी दोन मिनिटं त्या सतरंजीकडे बघत बसली. म्हणाली, "म्हणजे मी पळते तेव्हा जमिनीला मागे टाकत असते?" हो, अगदी हेच. जमीन इतकी मोठी आहे की ती दाखवत नाही, सतरंजी हलकी म्हणून दाखवते. आणि सतरंजी आणि फरशी यांच्यात घर्षण कमी म्हणून तिला सरकता आलं, तीच सतरंजी अंगणातल्या खडबडीत कोब्यावर टाकली असती तर जागची हलली नसती आणि सगळा संवेग सरळ पृथ्वीत गेला असता.

आता खो-खोकडे येते कारण मला खरं त्याच्यावरच बोलायचंय.

आमचं मैदान मातीचं होतं. रोज संध्याकाळी प्रॅक्टिसच्या आधी पाणी मारायची पाळी असायची, दोन मुली बादल्या भरून आणायच्या आणि बाकीच्या हाताने शिंपडायच्या, अंगणात सडा घालतात तसं. आमच्या बाई उभ्या राहून बघायच्या, जास्त पाणी पडलं तरी ओरडायच्या आणि एखादा पट्टा कोरडा राहिला तरी ओरडायच्या. तेव्हा आम्हाला वाटायचं धूळ उडू नये म्हणून पाणी मारतात. तेही आहेच पण खरी गोष्ट वेगळी आहे. कोरड्या मैदानावर बारीक मातीचा एक थर सुटून वर येतो, ते कण पायाखाली गोल गोल फिरतात, बेअरिंगमधल्या छऱ्यांसारखे, आणि पाय जमिनीवर टेकलेला असूनही जमिनीला धरू शकत नाही. थोडं पाणी पडलं की कणाकणामध्ये पाण्याचा पातळ पडदा येतो, तो त्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतो, माती घट्ट बसते. चौपाटीवर कोरड्या वाळूत चालताना पाय रुततात आणि लाटा जिथपर्यंत येऊन गेल्यात तिथली ओली वाळू टणक लागते, तसंच. पाणी जास्त झालं की कण एकमेकांपासून सुटतात आणि चिखल होतो, मग पुन्हा घसरगुंडी. बाईंची ती आरडाओरड म्हणजे घर्षणाचा अचूक अंदाज होता, त्यांनी फिजिक्स शिकलं असेल नसेल मला माहीत नाही.

आकडे घालून बघू म्हणजे किती फरक पडतो ते कळेल. भाची ४५ किलोची, जोरात पळताना तिचा वेग सेकंदाला ६ मीटर धरू, म्हणजे संवेग झाला २७०. चांगल्या दाबलेल्या मैदानावर घर्षणाचा गुणांक (म्हणजे वजनाच्या किती पट घर्षण मिळू शकतं तो आकडा) साधारण ०.६ धरला तर जमीन तिला जास्तीत जास्त २६५ न्यूटन बलाने मागे ओढू शकते, म्हणजे थांबायला साधारण एक सेकंद आणि ३ मीटर लागतात. त्याच मैदानावर धुळीचा थर आला आणि गुणांक निम्मा झाला, ०.३, तर लागतात ६ मीटर. खो-खोचं मैदान १६ मीटर रुंद असतं, म्हणजे मधल्या पाटीच्या, मुली ज्या पट्ट्यात बसतात त्याच्या, एका बाजूला जेमतेम ८ मीटर. ६ मीटर थांबण्यातच गेले तर खेळणार काय. आणि यात गंमत अशी की वजन कितीही असलं तरी हे अंतर तेवढंच येतं, जाड मुलीचा संवेग जास्त पण तिचा जमिनीवरचा दाबही जास्त आणि म्हणून घर्षणही जास्त, दोन्हीकडचं वस्तुमान कटून जातं. आमच्या टीममध्ये एक जाडजूड मुलगी होती, सगळ्यांना वाटायचं हिला वळता येणार नाही, आणि ती आमच्यात सगळ्यात सुंदर वळायची.

हा हिशेब माझ्या गुडघ्यावर लिहिलेला आहे. आठवीत होते, दुसऱ्या गावच्या शाळेत मॅच होती, दुपारची वेळ, वारा सुटलेला, मैदानाला पाणी मारलेलं नव्हतं. मी पळत होते, मागची मुलगी अगदी जवळ आली, मी डावीकडे हूल देऊन उजवीकडे वळायला गेले आणि डावा पाय जो दाबला तो परत आलाच नाही, सरळ निघून गेला. शरीर ज्या दिशेला चाललं होतं त्याच दिशेला चालत राहिलं. गुडघा, कोपर, तळहात, सगळं सोलून निघालं. मला आजही तो क्षण आठवतो, वळायचं मनात आहे, अंग वळलेलंही आहे, आणि जमिनीने नाही म्हटलं. जमिनीने हात दिला नाही तर आपल्या अंगातली कितीही ताकद आपली दिशा बदलू शकत नाही, हे मला त्या दिवशी कळलं, शब्द नंतर मिळाले.

बाई वळण्याआधी सतत एक गोष्ट सांगायच्या, "पावलं बारीक कर!" मैदानाच्या कडेने ओरडत राहायच्या. मोठ्या टांगा टाकत आलीस आणि एका पावलात वळायला गेलीस की पाय निघणार. याचंही कारण नीट आहे. पाय जमिनीवर न सरकता टेकलेला असतो तोपर्यंत जे घर्षण मिळतं ते जास्त असतं, एकदा का पाय सरकायला लागला की घर्षण कमी होतं, आणि कमी झालं की अजून सरकतो, मग सावरणं हातात राहत नाही. संवेगातला बदल म्हणजे बल गुणिले वेळ. तो सगळा बदल एकाच पावलात करायला गेलं तर त्या एका पावलावर एवढं बल मागावं लागतं की जमिनीची मर्यादा ओलांडली जाते. तोच बदल चार बारीक पावलांत वाटून घेतला की प्रत्येक पाऊल मर्यादेच्या आत राहतं. कर्जाचे हप्ते पाडतात तसं.

आणि खाली वाकायचं, कंबर खाली न्यायची. हे घर्षण वाढवायला नाही बरं का, बऱ्याच जणांना तसं वाटतं. घर्षण लागतं पायाला, तळव्याला, आणि शरीराचं बहुतेक वजन असतं वर. पाय थांबतात पण वरचं धड थांबायला तयार नसतं, एसटीने ब्रेक मारला की उभे असलेले सगळे पुढे जातात ना तसं. कंबर खाली आणि थोडी मागे नेली की तोंडावर आपटायची वेळ येत नाही. वळताना आत झुकायचं तेही यासाठीच, घाटात वळणावर मोटरसायकलवाला झुकतो तसं.

आता खांब. खो-खोचे दोन्ही टोकांचे लाकडी खांब, जमिनीपासून १२० ते १२५ सेंटीमीटर उंच, घासून गुळगुळीत केलेले. नवीन माणसाला वाटतं हे नुसतं हद्द दाखवायला आहेत. पण मागे लागलेल्या खेळाडूला नियमाने दिशा बदलता येत नाही, एकदा एका बाजूला निघालं की त्याच बाजूला जायचं, उलट फिरता येतं ते खांबापलीकडे गेल्यावरच. म्हणून खांबावर जी जलद वळते ती टीमला जिंकून देते. नुसत्या पायांवर वळायचं तर सेकंदाला ५ मीटर वेगाने, ०.६ घर्षणाच्या मैदानावर, कमीत कमी ४ मीटर त्रिज्येचं वळण घ्यावं लागेल, म्हणजे केवढा मोठा फेरा. तोपर्यंत पळणारी दुसऱ्या टोकाला. वेग ३ मीटरवर आणला तरी दीड मीटर त्रिज्या लागतेच. पण हाताने खांब पकडला तर? तीच मुलगी त्याच ३ मीटरच्या वेगाने हातभर अंतरात, ८० सेंटीमीटरच्या त्रिज्येत फिरू शकते. लागणाऱ्या बलापैकी निम्मं जमीन देते आणि उरलेलं खांब देतो. हाताला येणारा ताण साधारण २५ किलो वजनाइतका. गव्हाचं २५ किलोचं पोतं एका हाताने, तेही पळता पळता, लोंबकळत धरून ठेवण्याइतका. प्रॅक्टिसच्या पहिल्या महिन्यात दंड आणि खांदा का भरून येतो ते आता लक्षात आलं असेल.

आणि त्याच्याहून महत्त्वाचं म्हणजे हात कधी सोडायचा. गोफण माहीत असेल तर लगेच समजेल. ज्वारीच्या मळ्यात पाखरं हाकायला गोफण फिरवतात, दोरी सोडली की दगड गोल गोल फिरत राहत नाही, ज्या क्षणी सुटला त्या क्षणी ज्या दिशेला तोंड होतं त्या दिशेला सरळ निघतो. खांबावरचा खेळाडू म्हणजे गोफणीतला दगड. हात लवकर सोडला तर बाहेर फेकली जाते, उशिरा सोडला तर पाय मधल्या पाटीत पडतो आणि शिट्टी वाजते. बरोबर जागी सोडला की तो वेग वाया न जाता नव्या दिशेला हातात येतो. माझ्या भाचीचं सध्या इथेच अडलंय, ती खांबाला घट्ट धरून बसते, सोडायला घाबरते, आणि मग खांबाच्या मागे तिचा सगळा वेग संपलेला असतो. तिला मी गोफणीचं सांगितलं तर म्हणे गोफण कधी बघितलीच नाही. मग गच्चीत नायलॉनच्या दोरीला चिंधीचा बोळा बांधून फिरवून दाखवला.

यानंतर जे सांगणार आहे ते मला या खेळातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं. खुद्द खो देणं. विचार करा, मागे लागलेली मुलगी पूर्ण वेगात एका दिशेला चाललीय, पळणारी मधल्या पाटीतून पलीकडे निसटली. मागचीला पाटी ओलांडता येत नाही, उलट फिरता येत नाही, नियम बाजूला ठेवले तरी तिच्या अंगात २७० चा संवेग आहे, तो जमिनीला देऊन टाकायला एक सेकंद आणि उलट दिशेला परत मिळवायला दुसरा सेकंद. मग ती काय करते, पलीकडच्या बाजूला तोंड करून बसलेल्या मुलीला मागून थाप मारते, "खो!" बसलेलीचा संवेग शून्य. तिला काहीच मोडायचं नाहीये, नुसतं उभारायचंय. ती उठून सुटते आणि आधीची तिच्या जागेवर बसते, आपला संवेग बसता बसता मातीत जिरवते. माणूस वळवायच्या ऐवजी माणूसच बदलायचा! आठ जणी एकाआड एक उलट तोंडं करून बसवलेल्या असतात त्या यासाठीच, कुठल्याही दिशेला पळायला तयार शून्यं जागोजागी ठेवलेली असतात. हा खेळ ज्या कोणी पहिल्यांदा रचला त्यांनी संवेगाचा अभ्यास केला नसेल, पण पळणाऱ्या माणसाला एकदम वळता येत नाही ही अडचण त्यांनी ओळखली आणि त्या अडचणीवरच अख्खा खेळ उभा केला. पुण्यात १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम कागदावर आले, खेळ त्याच्या कितीतरी आधीचा.

बसायची पद्धतही म्हणून इतकी घोटून घेतात. एक पाय थोडा पुढे, एक मागे, टाचा उचललेल्या, हात जमिनीवर टेकलेले, वजन चवड्यांवर. खो मिळाला की मागच्या चवड्याने जमिनीला मागे रेटायचं. कोणाला वाटतं की धाप लागली म्हणून पोरी बसल्यात, पण बसलेलीच सगळ्यात तयारीत असते.

आणि सूर. मागची मुलगी हवेत झेप घेते, हात लांब करून पळणारीला बाद करायला, बघताना अंगावर काटा येतो. इथे माझ्या भाचीच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग आहे. पाय जमिनीवरून सुटले की जमिनीशी व्यवहार बंद. हवेत असताना आडव्या दिशेचा संवेग बदलायला काही उरतच नाही, हवा असते पण ती नावाला. ज्या दिशेला उडाली त्याच दिशेला शरीराचा मध्य जाणार, हात एकीकडे फेकले तर बाकी शरीर दुसरीकडे जाईल, मध्य आपल्या रस्त्यावरच राहतो. म्हणजे सूर मारणारीने झेप घेतली त्या क्षणी तिचा निर्णय झाला, आणि पळणारीचे पाय अजून जमिनीवर आहेत, तिला बदलायला मुभा आहे.

मग पळणाऱ्या नेहमी वाचायला हव्यात की. नाही वाचत. कमरेच्या उंचीवरून पडायला साधारण ०.४ सेकंद लागतात, तेवढ्या वेळात ०.६ घर्षणाच्या मैदानावर कोणी जीव तोडून बाजूला गेलं तरी अर्धा मीटरसुद्धा जाता येत नाही. त्यात बघून समजायलाच ०.२ सेकंद जातात, मग उरतात १२ सेंटीमीटर, साधारण अर्धी वीत. सूर मारणारीचा नुसता पंजा त्याहून मोठा. म्हणून चांगली पळणारी झेप बघून वळत नाही, झेपेच्या आधीचं बघते. उडायच्या आधी मागचीचा खांदा खाली जातो, शेवटचं पाऊल लांब पडतं, आवाज बदलतो पावलांचा. अनुभवी मुली मागे न बघता पावलांच्या आवाजावरून वळतात. मी कधीच इतकी चांगली पळणारी झाले नाही पण माझ्याबरोबरची एक मुलगी होती, ती मुद्दाम आपला वेग निम्मा करून सूर मारणारीला जवळ येऊ द्यायची, तिच्याकडून झेप काढून घ्यायची, आणि झेप निघाली की ही तिथे नसायची. मागची धप्पकन मातीत.

कबड्डीत हाच संवेग उलटा वागतो. चढाईवाला ७० किलोचा, मध्यरेषेकडे सेकंदाला ४ मीटरने पळतोय, ८० किलोच्या गड्याने मागून येऊन मिठी मारली. पकडणारा उभाच होता असं धरलं तर दोघांचं मिळून वजन १५० आणि संवेग तोच २८०, म्हणजे दोघं मिळून जवळपास १.९ मीटर वेगाने पुढेच जातात, आणि घर्षण त्यांना थांबवेपर्यंत फूटभर सरकतात. हा फूटभर म्हणजे पॉइंट. चढाईवाला हात लांब करून रेषा शिवतो तो पकडल्यानंतरच्या उरलेल्या संवेगावर. म्हणून घोटा पकडणाऱ्याला मागे बसायला शिकवतात, आणि म्हणून एकटा पकडत नाही, साखळी येते.

घर्षण बाजूला ठेवून नुसता संवेग बघायचा असेल तर मात्र कॅरम काढा. आमच्या बाबांचा बोर्ड अजून आहे, पावसाळ्यात लाइट गेली की मेणबत्तीत खेळायचो. बोरिक पावडर टाकली की सोंगटी तरंगल्यासारखी जाते, आणि पावसाळी दमट हवेत तीच पावडर चिकटते, मग स्ट्रायकर अर्ध्यात थांबतो आणि बाबा बोर्ड उन्हात टाकायचा म्हणायचे, ऊन कुठे असायचं तेव्हा. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा, सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची, म्हणजे तिप्पट. बरोबर समोरासमोर, मधोमध लागला तर काय होतं? स्ट्रायकरचा वेग निम्मा उरतो आणि सोंगटी स्ट्रायकरच्या दीडपट वेगाने सुटते. करून बघा हिशेब, १५ गुणिले अर्धा साडेसात, ५ गुणिले दीड साडेसात, बेरीज पंधरा, जेवढा होता तेवढाच. खऱ्या बोर्डावर टक होतो तेव्हा थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत जाते त्यामुळे सोंगटी दीडपटीहून थोडी कमीच पळते, पण संवेगाची बेरीज त्या टक होण्याच्या क्षणात मोडत नाही, कारण तो क्षण इतका छोटा की बोर्डाच्या घर्षणाला मध्ये पडायला वेळच नाही. आणि म्हणूनच सोंगटीपाठोपाठ स्ट्रायकरही खिशात जातो, जड असल्यामुळे त्याच्यात निम्मा वेग शिल्लक असतो. आमच्या घरी यावरून किती भांडणं झालीत.

घर्षण जितकं जास्त तितकं चांगलं असं मात्र नाही, हे मला मल्लखांबवाल्यांनी शिकवलं. खांबाला एरंडेल लावतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पटेचना, पकडायचं आहे तर तेल कशाला? पण उघड्या अंगाने लाकडावर मांडी आवळून सरकायचं, फिरायचं, उलटं व्हायचं, कोरड्या लाकडावर कातडी जागच्या जागी धरली जाईल आणि सोलून निघेल. तेल लावून घर्षण इतकं कमी करतात की सरकता यावं, आणि उरलेली पकड मांडीच्या दाबाने मिळवतात. घर्षण म्हणजे गुणांक गुणिले दाब, गुणांक एरंडेलाने खाली आणला आणि दाब स्नायूंच्या ताब्यात दिला, की हवं तेव्हा धरायचं, हवं तेव्हा सुटायचं.

खो-खो आता मॅटवर आलाय. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला वर्ल्ड कप झाला, सगळा मॅटवर, प्रियांका इंगळेच्या कप्तानीखाली मुलींनी आणि प्रतीक वाईकरच्या कप्तानीखाली मुलांनी, दोघांनीही नेपाळला हरवून कप घेतला, दोन्ही कप्तान आपल्या महाराष्ट्राचे, आमच्या घरी त्या रात्री श्रीखंड आणलं होतं. मॅटवर खेळ जलद होतो, सूर मारल्यावर सोललं जात नाही, खेळ टीव्हीवर छान दिसतो, हे सगळं मला मान्य आहे. पण मातीवर वाढलेल्या मुलीला एकदम मॅटवर उतरवलं की काय होतं ते मी या वर्षी बघितलं. मातीत पाय थोडा सरकतो, बोटभर, आणि त्या सरकण्यात वळण्याचा झटका जिरतो. मॅटवर रबरी तळव्याचे बूट चिकटतात, पाय जिथल्या तिथे राहतो आणि वरचा गुडघा फिरतो. भाचीच्या टीममधल्या एका मुलीचा गुडघा असाच गेला, पहिल्याच दिवशी, कोणाचा धक्का नाही काही नाही, नुसतं वळताना. त्या पोरींना कोणी सांगितलंच नव्हतं की इथे पावलं अजून बारीक लागतात आणि पाय टेकवून वळायचं नाही, उचलून वळायचं. मला याचं फार वाईट वाटतं. तालुक्याच्या शाळांना मॅट मिळतो तो स्पर्धेच्या दिवशी, प्रॅक्टिस सगळी मातीत, निदान चार दिवस आधी पोरींना त्याच्यावर नुसतं चालायला, बारीक पळायला द्या. पायाला नवीन जमीन ओळखायला वेळ लागतो, त्याला काही इलाज नाही.

काल संध्याकाळी मी मैदानावर गेले होते बघायला. पाणी मारून झालेलं, मातीचा वास, चार-पाच पालक कडेला मोबाइलमध्ये. भाचीने जाता जाता वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चोळून बघितली, कोणी सांगितलं नव्हतं. मग खांबावर आली, धरला, फिरली, आणि या खेपेला हात सोडला, जरा लवकरच सोडला, तिरकी बाहेर गेली आणि रेषेच्या पलीकडे दोन पावलं जाऊन सावरली. तिथूनच माझ्याकडे बघून ओरडली, "आत्या, गोफण!" आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली.